खिज्र भेटले तर



दत्तजयंतीच्या अंकासाठी काही लिहा म्हटलं की माझी गाडी दरवर्षी गुरुचरित्राच्या एखाद्या अध्यायावर येऊन थांबते. यंदाही एकविसाव्या अध्यायावरच लिहायचं आहे. पण तिथं पोचायला या वेळी वाट जरा लांबची धरतो. ती कुराण शरीफातल्या एका कथेवरून जाते. दत्तभक्तांना यात वावगं वाटू नये. देवगिरीवर मलंगाच्या वेषात आलेल्या दत्तप्रभूंना नाथमहाराज पहिल्यांदा ओळखू शकले नाहीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गुरुचरित्राच्या पन्नासाव्या अध्यायात मांडीवरच्या फोडाने बेजार झालेला यवन राजा श्रीगुरूंच्या पायाशी येतो आणि बरा होतो. तेव्हा आपल्या घराला हे दार पहिल्यापासूनच आहे. आपण ते फारसं उघडत नाही, इतकंच.

आधी घरची हकिगत सांगतो, म्हणजे ही कथा मला का लागली ते कळेल.

आमचं गाव कृष्णाकाठचं, नरसोबाच्या वाडीपासून पायी दीड तासावर. मी सातवीत असताना धाकटा भाऊ तापानं गेला. सात वर्षांचा होता. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा–पंचगंगेला पूर, रस्ता बंद. वडिलांनी औदुंबराखालची माती आणून त्याच्या कपाळाला लावली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपलं. दहाव्याला आत्या आईजवळ बसून म्हणाली, "वैनी, पुढं काहीतरी वाईट व्हायचं असंल बघ. म्हाराजांनी आधीच सोडवलं त्याला." आत्या मनानं वाईट नव्हती. ती स्वतः दोन दिवस उपाशी होती. आई काही बोलली नाही. उठून चुलीपाशी गेली.

त्यानंतर आमच्या घरी दर वर्षी सप्ताह होतच राहिला. वडील वाचायचे, आम्ही बसायचो. सप्ताहाच्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या दिवशीचं वाचन एकविसाव्या अध्यायावर थांबतं. त्यात शिरोळच्या बाईचा मेलेला मुलगा औदुंबरतळी उठून बसतो. आई हा अध्याय निम्मा ऐकायची. मूल उठायच्या आधी तिला आत काहीतरी काम निघायचं. दूध ऊतू जात असायचं, नाहीतर वात बघायची असायची. मला हे कळायला पुष्कळ वर्षं लागली.

आता दुसरी हकिगत. ही माझ्या चुकीची आहे.

मी नोकरीला होतो त्या शाळेत हिंदी शिकवणारे एक मुसलमान सहकारी होते. वीस-बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. ते शुक्रवारी दुपारी नमाजला जायचे तेव्हा त्यांचा तास मी घ्यायचो. दत्तजयंतीला मी रजेवर असलो की माझा ते घ्यायचे. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मोटारसायकलच्या अपघातात गेला. मी भेटायला गेलो. सर बाहेरच्या खोलीत बसले होते, आतल्या दाराच्या पडद्यामागे भाभी. काय बोलावं सुचेना. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, देवानं काहीतरी बघितलं असेल. पुढं कदाचित याहून वाईट घडायचं असेल."

माझ्या आत्याचंच वाक्य. पन्नास वर्षं पोटात होतं, ते तसंच्या तसं बाहेर आलं.

सर नुसतं "हं" म्हणाले. पडद्यामागे बांगड्या वाजल्या, कुणीतरी उठून आत गेलं. मी चहा पिऊन परतलो. आपण धीर दिला असंच मला वाटत होतं.

दोन महिन्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सर म्हणाले, "सर, तुम्हाला हजरत खिज्र ठाऊक आहेत का?" मी म्हटलं, नाव ऐकलंय. ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही त्यांच्यासारखं बोललात. पण ते खिज्र होते." एवढं बोलून तासावर गेले. मला ते लागलं. रागही आला. मग त्यांच्याकडूनच कुराण शरीफाचा मराठी अनुवाद मागून घेतला. पुढचं वर्षभर डब्याच्या वेळी आमचा तोच विषय.

कथा अठराव्या सूरेत आहे. 'अल-कह्फ' तिचं नाव, ६० ते ८२ या आयतींत ही कथा येते. पुष्कळ मुसलमान घरांत शुक्रवारी ही सूरा वाचतात. कुराणात खिज्र हे नाव नाही. ईश्वराचा एक सेवक, ज्याला त्याने स्वतःजवळचं ज्ञान दिलं, एवढंच आहे. नाव येतं ते हदीसमध्ये. खिज्र म्हणजे हिरवा. ते ओसाड जमिनीवर बसले आणि ती हिरवी झाली, म्हणून हे नाव, असं तिथं सांगितलं आहे. ते पैगंबर की वली, यावर त्यांच्या विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळजण पैगंबर मानतात. ते अजून हयात आहेत असं सूफी मानतात, इमाम बुखारींसारखे मोठे लोक मानत नाहीत. पण सिंधू नदीवर, गंगेवर नावाडी लोक त्यांचं नाव घेत आले आहेत. सक्करजवळ सिंधूतल्या बेटावर त्यांचं स्थान आहे. फाळणीआधी तिथं हिंदू आणि मुसलमान दोघेही जात.

हदीसमध्ये कथेची सुरुवात फार छान आहे. हजरत मूसांना कुणीतरी विचारलं, सगळ्यांत ज्ञानी कोण? ते म्हणाले, मी. ईश्वरावर न सोडता स्वतःचं नाव घेतलं, म्हणून त्यांना सांगण्यात आलं, की दोन समुद्रांच्या संगमावर माझा एक सेवक आहे, त्याच्याकडे जा. टोपलीत एक मासा घे. तो जिथं हरवेल तिथं तो भेटेल. मूसा आपल्या तरुण सोबत्याला घेऊन निघाले. खडकापाशी मासा निसटून पाण्यात गेला, सोबती सांगायचं विसरला. पुढं भूक लागली, जेवायला काढ म्हटल्यावर त्याला आठवलं. तसेच माघारी फिरले. एवढे थोर पैगंबर, पण प्रवासात आपल्यासारखेच दमतात आणि भुकेजतात, हे मला बरं वाटलं.

खिज्र भेटले. मूसा म्हणाले, मला शिकवा. खिज्र म्हणाले, तुम्हाला माझ्याबरोबर धीर धरवणार नाही. मूसांनी वचन दिलं. अट एकच, मी सांगेपर्यंत विचारायचं नाही.

मग तीन गोष्टी घडतात. एका नावेत बसतात, हदीस म्हणते नावाड्यांनी ओळखून फुकट घेतलं होतं, आणि खिज्र त्या नावेलाच भोक पाडतात. पुढं एक मुलगा भेटतो, त्याला ते ठार करतात. मग एका गावात कुणी अन्न देत नाही, तिथली पडायला आलेली भिंत हे फुकट उभी करून देतात. तिन्ही वेळा मूसा बोलतात. तिसऱ्यांदा खिज्र म्हणतात, आता आपली फारकत. आणि जाता जाता उलगडा करतात. नाव गरिबांची होती. पुढं एक राजा धड नावा जबरीनं हिसकावून घेत होता, भोक पडलेली वाचली. मुलाचे आईबाप श्रद्धावान होते, तो त्यांना आपल्या उद्दामपणानं जाचणार होता. ईश्वर त्यांना याहून चांगलं मूल देईल. भिंतीखाली दोन पोरक्या मुलांचा ठेवा होता. आणि यातलं काही मी माझ्या मनानं केलं नाही.

नाव आणि भिंत मला पटायला वेळ लागला नाही. गाडी चुकली आणि त्याच गाडीला अपघात झाला, असं आपण सगळेच कधी ना कधी सांगतो. अडतं ते मुलापाशी.

सरांनी मला एक विचारलं होतं, "खिज्र आज तुम्हाला भेटले तर काय कराल?" हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन हिंडलो. भेट कुठं होईल? दोन पाण्यांचा संगम म्हटल्यावर मला तर वाडीचाच घाट दिसतो. काकड आरतीच्या आधीची वेळ, समोर औरवाडच्या बाजूला धुकं, काठाला बांधलेली नाव. चेहऱ्याचं काय करावं? मी सरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "आमच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. मनातसुद्धा चेहरा रंगवू नका. पावलं बघा." मी चटकन म्हटलं, "मग अवघड नाही. आमच्या वाडीला मूर्ती नाहीच. पादुकाच आहेत." सर हसले. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

तर ओल्या पायरीवर ती पावलं आहेत आणि मी खाली बघत उभा आहे. काय विचारू?

पहिला विचार आला, काहीच विचारू नये. सद्गुरू भेटल्यावर प्रश्न कसले? मौलाना रूमींनीही मस्नवीत हेच सांगितलं आहे, की गुरू केला की खिज्रांच्या हाताखाली मूसांनी राहावं तसं शरण राहा. आपल्याकडेही याच अर्थाचं बोलणं कीर्तनातून रोज ऐकू येतं. साधनेपुरतं मला ते मान्य आहे. आपला अहंकार मोडायला कुणीतरी लागतो. पण एवढ्यावर थांबलं की गडबड होते. कुणी भगव्या वस्त्रातला माणूस भलतंसलतं करतो आणि भोवतीचे लोक 'लीला' म्हणून गप्प बसतात. प्रत्येकजण आपल्या बुवाला खिज्र समजतो.

सर म्हणाले, हा धोका आमच्या जुन्या लोकांनी ओळखला होता. आणि त्यांनी मला एक पत्र सांगितलं, ते सहीह मुस्लिम या हदीसग्रंथात आहे. नजदा नावाचा एक खारिजी पुढारी होता, सातव्या शतकातला. त्यानं पैगंबरसाहेबांचे चुलतभाऊ आणि मोठे विद्वान इब्न अब्बास यांना लिहून विचारलं, की युद्धात शत्रूची मुलं मारली तर चालतील का? इब्न अब्बासांनी उत्तर पाठवलं, त्याचा आशय असा : पैगंबरांनी मुलांना मारलं नाही, तूही मारू नकोस. हां, त्या मुलाविषयी खिज्रांना जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे दार बंदच केलं. कारण ते कुणाला ठाऊक असणार?

हे ऐकलं त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. त्या बैठकीत मी काय केलं होतं? हातात शस्त्र नव्हतं, कुणाला मारलं नव्हतं. पण जे खिज्रांना ठाऊक होतं ते मला ठाऊक असल्यासारखा मी बोललो होतो. सरांचा पोरगा पुढं काय होणार होता, मला काय माहीत? तो चांगला इंजिनिअर झाला असता, म्हातारपणी आईबापाला डॉक्टरकडे घेऊन गेला असता, हेही तेवढंच शक्य होतं. बहुधा तसंच झालं असतं.

मग मूसा चुकले का? कथा वरवर वाचली तर वाटतं, वचन मोडलं, परीक्षेत नापास. पण त्याच हदीसमध्ये खिज्र मूसांना सुरुवातीलाच जे सांगतात ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. मला ईश्वरानं असं एक ज्ञान दिलंय जे तुम्हाला नाही, आणि तुम्हाला असं एक दिलंय जे मला नाही, अशा अर्थाचं ते बोलतात. म्हणजे दोन्ही देणगी एकाच दारातली. निरपराध मुलावर हात उगारलेला दिसला की "हे काय केलंत?" असं ओरडणं, हे मूसांना ईश्वरानंच दिलं होतं. ते ओरडले नसते तर दिलेल्या वचनाला जागले असते, पण दिलेल्या धर्माला जागले नसते. खिज्रही त्यांना शाप देत नाहीत. बरोबर राहता येणार नाही, एवढंच म्हणतात, आणि निघण्यापूर्वी उत्तर देऊन जातात.

सूफी विवेचकांनी आणखी एक गंमत दाखवली आहे. या तिन्ही गोष्टी मूसांच्या स्वतःच्या आयुष्यात घडून गेल्या होत्या. तान्हेपणी आईनं त्यांना पेटीत घालून नदीत सोडलं, तरी ते बुडाले नाहीत. तरुणपणी त्यांच्या हातून एक माणूस मेला होता. आणि मदयनला विहिरीवर दोन मुलींच्या मेंढ्यांना त्यांनी मजुरी न घेता पाणी पाजलं होतं. स्वतःवर बेतलं तेव्हा निभावलं, समोर दिसलं तेव्हा सोसवलं नाही. मला याचा अर्थ असा लागतो, की स्वतःच्या दुःखाचं कारण माणसानं स्वतः शोधावं, सापडलं तर सापडलं. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण आपण सांगायला जाऊ नये. आई जर कधी मला म्हणाली असती की धाकट्याला महाराजांनी सोडवलं, तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. आत्यानं म्हणायला नको होतं.

आता एकविसावा अध्याय. शिरोळची ती बाई मुलाचं प्रेत सोडायला तयार नाही. तेव्हा एक ब्रह्मचारी येतो आणि तिला ज्ञान सांगतो. देह नाशवंत आहे, ज्याचं त्याचं प्रारब्ध, कोण कुणाचा मुलगा? श्रीगुरूच त्या रूपात आले होते, ही आपली श्रद्धा आहे. सांगतात त्यात खोटं काही नाही. आदल्या अध्यायात तर पूर्वजन्मीचं कारणसुद्धा येऊन गेलेलं आहे, बुडवलेल्या पैशाचं. म्हणजे उलगडा पूर्ण आहे. तरी ती बाई ऐकत नाही. ती उलटून विचारते, की प्रारब्धच खरं असेल तर गुरूला भजायचं कशासाठी? मला इथं वर मिळाला होता, त्या शब्दाचं काय? आणि बघा, ब्रह्मचारी तिला अडाणी म्हणत नाही. जिथं वर मिळाला तिथंच जा आणि तिथं विचार, असं म्हणतो. ती प्रेत घेऊन औदुंबरापाशी जाते, पादुकांवर डोकं आपटते.

पन्नास वर्षं मी हा अध्याय चमत्कारासाठी वाचला. आई तो या बाईच्या उत्तरासाठी ऐकत होती. तेवढं झालं की उठत होती, कारण पुढचं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. आणि तरी रोज संध्याकाळी दत्ताच्या तसबिरीपुढं दिवा तीच लावायची. तिनं देवाला सोडलं नाही आणि आत्याचं म्हणणंही कधी कबूल केलं नाही. मला आजवर यातलं एकच काहीतरी जमेल असं वाटत होतं.

मग घाटावरच्या त्या पावलांना काय विचारीन ते मला सापडलं. मुलाला का मारलंत, हे नाही विचारणार. त्याचं उत्तर कथेत दिलेलं आहे. मी विचारीन, "महाराज, त्या मुलाच्या आईला कुणी सांगितलं का?"

कारण कथेत उलगडा झाला तो मूसांना. आईबाप तिथं नव्हते. त्यांना कुणी काही सांगितल्याचं कुराणात नाही. त्यांना पोरगा दिसेनासा झाला, एवढंच ठाऊक. दुसरं मूल होईल, अधिक मायाळू होईल, पण पहिल्याची जागा थोडीच भरते? माझ्या मागून आईला एक मुलगी झाली, ती फार गुणी निघाली. तरी आई धाकट्याचा वाढदिवस विसरली नाही.

पावलं काय उत्तर देतील मला माहीत नाही. हदीसमध्ये एक चिमणी नावेच्या काठावर बसून समुद्रात चोच बुडवते. खिज्र म्हणतात, तुमचं माझं ज्ञान मिळून ईश्वराच्या ज्ञानापुढं त्या चोचीतल्या पाण्याएवढं. कदाचित ते नदीकडे बोट करतील आणि काही बोलणार नाहीत. सरांना मी हा प्रश्न सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा सवाल तुम्ही तुमच्या भाभींना सांगा."

मी गेलो. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. शुक्रवार होता, सर मशिदीतून यायचे होते. भाभी बाहेर येऊन बसल्या, या वेळी पडदा बाजूला होता. मी म्हटलं, "भाभी, त्या दिवशी मी जे बोललो ते मला बोलायला नको होतं. मला काही माहीत नव्हतं." त्या म्हणाल्या, "मी सरांना विचारलं होतं, यांना कुणी सांगितलं, माझा मुलगा वाईट निघणार होता म्हणून?" मी खाली बघत राहिलो. मग त्या उठल्या, आतून त्याची चौथीतली एक वही घेऊन आल्या. त्यात त्यानं नदीचं चित्र काढलं होतं, पुलावर एसटी, खाली होडी. होडीत चार माणसं होती. हे अब्बा, ही मी, ही दीदी, हा तो, असं त्या एकेकावर बोट ठेवून सांगत होत्या. तासभर बोलल्या. तो भात कसा खायचा, परीक्षेच्या आदल्या रात्री कसा झोपायचाच नाही, पहिली गाडी घेतली तेव्हा त्यांना बसवून वाडीच्या पुलापर्यंत कसा घेऊन गेला होता. मी फक्त ऐकलं. सर आले, दारात चपला काढून तेही येऊन बसले.

निघताना भाभी म्हणाल्या, "सर, दत्तजयंतीचे पेढे या वर्षी आणले नाहीत तुम्ही." दोन वर्षं मी नेलेच नव्हते, तोंड दाखवायला नको म्हणून.

यंदाचे पेढे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घेऊन जायचे आहेत.